चुकांच्या वहीतला तिसरा रकाना

नोव्हेंबरातला दुसरा शुक्रवार, सकाळी साडेदहा. हजर: बागूल सर, निकिता आणि मी. त्या दिवशीचं पान माझ्या वहीत असं सुरू होतं. निकिता सरांच्या हाताखाली शिकत होती; मी कामाचे तक्ते आणि ही वही सांभाळते.

बागूल सर मूळचे सटाण्याचे. तरुणपणी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. नाशिकच्या आमच्या छोट्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओतही ते पाटी रंगवल्यासारखेच काम करत. एकाच चित्राचे रंग, उजेड, चमक, धुकं, सावली असे थर वेगळे काढायचे, प्रत्येक थर वेगळ्या फाइलीत ठेवायचा आणि शेवटी ते एकावर एक बसवायचे. या थरांना आम्ही पास म्हणतो. "कोणी म्हणालं धुकं दाट करा, तर धुकंच बदलायचं. अख्खा माणूस परत काढत बसायचं नाही," असं ते समजावत. पास आपोआप साठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, त्यांनीच लिहिली होती. तरीही रोज सकाळी डबा ठेवायच्या आधी ते फोल्डर उघडून बघत. मी हसले की म्हणत, "ताई, भिणारा माणूस दोनदा बघतो. म्हणून तर त्याचं काम टिकतं."

दुसरा आग्रह माझ्या चुकांच्या वहीबद्दल. तिच्यात चार रकाने आहेत: काय झालं, का झालं, कोणाकडून, पुढे काय करायचं. तिसरा रकाना मी भिडेखातर गाळायला बघे. "नाव लिहा," सर म्हणत. "नाव नसलं की एकाची चूक दुसऱ्याच्या अंगावर चढते."

तेव्हा दिंडोरीकडच्या द्राक्षबागांसाठी एक फिल्म चालू होती. वाऱ्यात फवारणी केली तर औषधाचं धुकं बांधावरच्या घरापर्यंत कसं पोचतं, ते दाखवायचं होतं. फवारण्या सुरू झाल्या होत्या आणि बुधवारी बागायतदार, मजूर जमणार होते. इकडे सरांच्या छातीच्या तपासण्या चालू होत्या. ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. चार दिवस ते आलेच नाहीत. मशिनं चालू होती, स्क्रिप्ट साठवत होती, आणि आम्ही दोघींनी एकदाही फोल्डर उघडलं नाही.

शुक्रवारी सर आले आणि हातात डबा तसाच धरून त्यांनी फोल्डर उघडलं. पडद्यावर बाग नव्हती, माणूस नव्हता. पांढऱ्या जागेवर एक सावली पाठीवर पंप घेऊन चालत होती. पुढची फाइल, सावली. त्याच्या पुढची, सावलीच.

"सर, बाकीचे पास?" निकितानं विचारलं.

"गयं," सर म्हणाले. घाबरले की त्यांची अहिराणी बाहेर येई. "समदं गयं."

त्यांचे ओठ राखेसारखे झाले. फिल्मचा विचार माझ्या डोक्यातून पार गेला. मी त्यांचे श्वास मोजायला लागले.

"सर, जिभेखाली गोळी ठेवा. निकिता, रिक्षा बघ."

"गोळी खिशात शे," म्हणत त्यांनी ती तोंडात टाकली. "रिक्षा नको, खुर्ची दे. सोमवारनंतर हे कोण शोधणार?"

"सर, तुम्हाला काही झालं तर हे काम मी शिकणार नाही, आत्ताच सांगते," निकिता म्हणाली. ती रडत होती.

कारण वीस मिनिटांत सापडलं. फाइलीच्या नावातून पासचं नाव गेलं होतं. सगळ्या पासना एकच नाव, त्यामुळे प्रत्येक नवा पास आधीच्याला पुसून त्याच्या जागी बसला. सावली शेवटची, म्हणून तेवढी उरली. सरांनी पासचं नाव परत घातलं, पाच फ्रेम काढून बघितल्या आणि दुपारी मशिनांवर काम पुन्हा सुरू केलं. ते मंगळवारी संपणार होतं. मग त्यांनी माझी वही पुढे ओढली.

"तिसऱ्या रकान्यात लिहा, बागूल."

मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. आदल्याच आठवड्यात मी त्यांना म्हटलं होतं, "सर, फाइलींची नावं आखूड करा ना, माझ्या तक्त्यात मावत नाहीत," आणि रजेवर जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी ती केली होती. त्यांना ते आठवत होतं की नाही, कोण जाणे. ते वहीकडेच बघत होते.

"सोमवारनंतर लिहू," मी म्हणाले.

"तोवर तुम्ही विसराल," सर म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसले.

सोमवारी ते ऑपरेशनच्या टेबलावरून परत आले नाहीत.

मंगळवारी मी फोल्डर उघडलं. रंग, उजेड, चमक, धुकं, सावली. सगळे पास जागच्या जागी होते. बुधवारी फिल्म दाखवून झाल्यावर मागे बसलेली एक बाई उठली. "म्हंजी हे माझ्या पोराच्या झोळीपतुर येतं?" तिनं विचारलं.

आता डबा ठेवायच्या आधी फोल्डर मी उघडते, आणि मग वहीतलं ते पान. तीन रकाने भरलेले आहेत. सरांनी स्वतःचं नाव लिहायला सांगितलं होतं. खरं नाव माझं आहे. बाकी काम: तिसरा रकाना.