आण्णा, तांबोशी आणि वेंगुर्ल्याजवळची खाडी

रविवार, ३० नोव्हेंबर. बरेच महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कंपवाताचं निदान झालं आणि दवाखान्याच्या फेऱ्यांपलीकडे लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं.

आण्णांनी उभी हयात पंचगंगेच्या काठावर गळ टाकून मासे धरले. खाडीतली तांबोशी, तो लाल मासा, एकदा धरायची हे त्यांच्या मनात फार दिवस होतं. उजवा हात आता चहाचा कप सांभाळत नाही. या थंडीत नाही गेलो तर पुढच्या थंडीत रॉड धरता येईल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. मी तयारी दाखवल्यावर आण्णांनी अट घातली, "धरली तर मी धरणार. मधी हात घालायचा न्हाई."

शुक्रवारी सकाळी कोल्हापूरहून निघालो. संकेश्वरहून आजऱ्याकडे जाणारा रस्ता आता रुंद आणि चांगला झालाय. आंबोली घाट मात्र सावकाश उतरा. वाटेत न्याहारीला थांबूनही दुपारच्या जेवणाला खाडीवर पोचलो. दोघांची खोली जेवणासकट अडीच हजार, अर्ध्या दिवसाच्या होडीचे दीड हजार वेगळे.

शनिवारी आण्णा पहाटेच बूट घालून तयार. नदीचे मासे उजाडताना लागतात, ही त्यांची जन्माची सवय. आमचे यजमान, होडीवाले दत्ताराम ओट्यावर दात घासत होते. ते हसले. "आण्णानू, आज नवमी. पाणी दुपारी फिरतला. आता घावने खावा."

"आनि तवर काय करायचं?"

"माका कोल्हापूरच्यो गजाली सांगा."

जाणाऱ्यांसाठी हिशेब सांगतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. नवमीला पावणेसात. म्हणजे ओहोटी साधारण एकला संपते, आणि भरतीचं पहिलं पाणी खडपांवर, म्हणजे काठच्या खडकांवर, चढू लागलं की तांबोशी खायला बाहेर पडते. सध्या अष्टमी-नवमीचं भांगाचं, कमी चढउताराचं पाणी आहे. ओढ कमी, तळ नितळ. आमिषाला जिवंत कोळंबी. ती शेपटीजवळ टोचायची, म्हणजे पोहत राहते.

खडपांजवळ होडी लावून बसलो, आणि दीडच्या सुमाराला आण्णांची दोरी ताणली. त्यांनी सवयीने रीळ सैल सोडलं.

"सैल सोडू नका! वढा, वढा!" दत्ताराम ओरडले.

"आवं, माशाला आदी दमवायचं असतंय!"

"ही खडपात शिरली काय गेली!"

ती शिरलीच. खडकावर घासून दोरी तुटली. आण्णा स्वतःशीच हसले. "नदीत लपाय जागाच न्हाई, म्हनून आमी लाड करत बसायचो."

पुन्हा कोळंबी लावायला त्यांना फार वेळ लागला. गळ दोनदा बोटाला लागला. मी खिशात हात घालून बसलो. दत्ताराम पाण्याकडे बघत राहिले.

दुसरी लागली ती मोठी. या वेळी आण्णांनी लगेच ओढली. होडीजवळ लाल पाठ दिसली, आणि तेवढ्यात त्यांच्या तळव्यातून रॉडची मूठ फिरली. माझा हात नकळत त्यांच्या हातावर गेला. खाली ते थरथरणं जाणवलं.

"सोड."

"आण्णा, जाईल ती."

"सोड म्हनतो की."

मी सोडला. मूठ आणखी सरकली, दोरी क्षणभर ढिली पडली, आणि पाणी पुन्हा नुसतं पाणी झालं. मग आण्णा म्हणाले, "गेली तर गेली. पर माज्या हातनं गेली."

संध्याकाळी दत्तारामांच्या घरचीच तांबोशी जेवलो. आण्णांनी डोकंसुद्धा सोडलं नाही.

आज दुपारी घरी आलो. परतीच्या वाटेवर मी सारखा विचार करत होतो: मी धरून ठेवला असता तर मासा होडीत आला असता, आणि आण्णा बहुधा रागावलेही नसते, नुसते गप्प झाले असते. त्या गप्पपणाला मी भ्यालो म्हणून हात सोडला, की त्यांचा मान राखला? नक्की सांगता येत नाही. आता आतल्या खोलीतून आईला सांगणं चाललंय, "दोन लागल्या. दुसरी एवढी!" आई विचारते, "मग कुठं हाय?" "खाडीत हाय की. जाते कुठं?"

उद्याचं काम: सायकलची जुनी ट्यूब कापून रॉडच्या मुठीला घट्ट गुंडाळणे.