दसऱ्याला हीटर लावणारं घर

दवाखान्यात आक्कांची आणि माझी शेवटची भेट झाली तेव्हा त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी शेवटचं सांगायचं असेल, दागिन्यांचं नाहीतर नातवंडांचं. मी कान तोंडाजवळ नेला. आक्का म्हणाल्या, "मंदे, त्या एसीची जाळी बघ. धुळीनं बुजलीय. गार हवा येनार कुठनं?" मी वर पाहिलं तर खरंच जाळीवर धुळीचा थर बसलेला. वॉर्डातल्या मावशींना सांगितलं, त्यांनी माणूस बोलावला, त्यानं जाळी काढून झटकली आणि बघता बघता खोली गार झाली. शेजारच्या खाटेवरच्या बाईसुद्धा म्हणाल्या, आता कसं बरं वाटतंय. आक्कांनी माझ्याकडे अशा काही तोऱ्यात पाहिलं की त्या अवस्थेतही मला हसू आलं. दोन दिवसांनी सकाळी संदीपचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला. "काकी, आई गेली..." फोन ठेवून मी किती तरी वेळ ओट्याला टेकून उभी होते, आणि डोळ्यांपुढे सारखी ती जाळीच येत होती.

आक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, विमल. आम्ही कोल्हारचे. एका अंगणात दोन भावांची दोन घरं आणि मध्ये कांदा साठवायची चाळ. मी गावातल्या शाळेत मुलांना मराठी शिकवलं, आक्कांनी शेत सांभाळलं आणि वेळ पडली तेव्हा मलाही सांभाळलं. गेलेलं माणूस फार साधं होतं, नम्र होतं, असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. ती त्यांना मुळीच चालली नसती. आक्का नम्र नव्हत्या. आपल्याला जे जमतं ते जमतं, असं चार माणसांत ठणकावून सांगायची त्यांना कधी लाज वाटली नाही. आणि खरं सांगते, मलाही त्यांचा फार अभिमान वाटायचा. त्यांच्या तोंडावर मी कधी बोलले नाही, कारण मग त्यांना आवरणं अवघड झालं असतं.

संदीपचं लग्न झालं, तो पुण्यात स्थिरावला, तेव्हा दादांनी, म्हणजे संदीपच्या वडिलांनी, माझ्या मोठ्या दिरांनी, आक्कांना विचारलं होतं, "आता तुला काय पायजे ते सांग." जन्मभर या बाईनं गाईंच्या धारा आणि कांद्याची काढणी यांतून सवड काढून दोन मुक्कामांपलीकडे गाव सोडलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला बर्फात बसून च्या प्यायचाय. माझ्या शेगडीवर, माझ्या हातचा. हाटेलातला न्हाई." दुसऱ्या कुणी हसण्यावारी नेलं असतं. दादा आयुष्यभर ट्रॅक्टर आणि टेम्पो चालवलेला माणूस, त्यांनी ते मनावर घेतलं. एका शाळेची जुनी लांब गाडी विकत घेतली आणि नगरच्या एमआयडीसीतून आतून घरासारखी करून आणली. झोपायला फळ्या, भांडी धुवायला बेसिन, गॅसची शेगडी, छताला झाकणाचा पंखा आणि सीटखाली डिझेलवर चालणारा हीटर. हा हीटर टाकीतलं थोडं डिझेल घेतो, बाहेरची हवा ओढून ते जाळतो, धूर बाहेरच सोडतो आणि गाडीतली हवा तेवढी गरम करतो. दादांना दमा. त्यामुळे ऊब पाहिजे पण धूर आणि ओल नको, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. हीटर चालला तरच बर्फ, नाहीतर नाही.

दसऱ्याला गाडीची थाटात पूजा झाली आणि डिसेंबरात आम्ही तिघं भंडारदऱ्याला गाडी तपासायला म्हणून गेलो. आमचे हे गाईंपाशी राहिले. धरणाच्या काठाला गाडी लावली, अंधार पडायच्या आत हीटर सुरू केला. टिकटिक झाली, घरघर झाली, दहा मिनिटं छान ऊब आली, मग गाडीखालून पांढरा धूर निघाला आणि हीटर बंद. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दादा म्हणाले, चहाच्या टपरीवरनं घमेल्यात निखारे आणतो. आक्का एकदम कडाडल्या, "बंद गाडीत निखारे? झोपेतच जायचंय का?" मग आम्ही दुसरा शहाणपणा केला. सगळ्या खिडक्या गच्च लावल्या, आणि जिथून गार वारा येत होता त्या फटींत मी आक्कांचं जुनं लुगडं फाडून कोंबलं. सकाळी उठलो तर छतावरून थेंब गळत होते. गोधड्या दमट, गादी खालून ओली, आणि दादा दारातल्या पायरीवर बसून तोंडात पंप मारत होते. त्यांचा श्वास लांबून ऐकू येत होता. आक्कांनी चहा केला, पण तो तसाच कपांत गार झाला.

संदीप त्याच आठवड्यात धावत आला. तो रागावला नव्हता, घाबरला होता. "आई, हौस ठीक आहे. पण वर डोंगरात, बर्फात असं झालं आणि दादांना काही झालं तर?"   संदीपनं शिर्डीच्या एका हॉटेलवाल्याशी बोलणं केलं, तो पुढच्या रविवारी गाडी बघायला येणार असं ठरलं.  शेवटी आक्का उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "रविवारपतुर गाडी माझी हाय. तवर तिला कुनी हात लावायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्या मला हाताला धरून कांद्याच्या चाळीत घेऊन गेल्या. "तू मास्तरीन ना? मग सांग, कांदा सडतो कशानं?" मी म्हटलं, ओलीनं. "आन् ओल येती कुठनं? पाऊस तर आत येत न्हाई. आगं, कांदाच ती सोडतो. वारा लागला तर निघून जाती, कोंडलं की तिथंच बसती. म्हनून तर चाळ जमिनीवरनं उचलून बांधायची, खालनं वारं घ्यायचं, वरनं सोडायचं. आपन तिघं रातभर श्वास सोडत हुतो, वर च्या उकळला, आन् तू माझं लुगडं फटीत कोंबलंस." लुगड्याचं दुःख त्यांना ओलीपेक्षा जास्त होतं. मग कामाला लागल्या. शेतातल्या ठिबकच्या जुन्या नळ्या कापून गादीखाली ओळीनं अंथरल्या, म्हणजे खालून हवा खेळेल. छतावरचं झाकण दोन बोटं उघडं, दाराजवळची खालची खिडकी दोन बोटं उघडी. दोघं नवरा-बायको दोन रात्री अंगणातच गाडीत झोपले. सकाळी छत कोरडं, गादी कोरडी. आक्का मला हाक मारून मारून दाखवत होत्या.

गाडी कोरडी झाली खरी, पण गारच राहिली, कारण हीटर काही चालेना. ज्यानं तो बसवला होता तो कारागीर नगरहून आला. पोरगा मन लावून काम करणारा होता. बॅटरी पाहिली, वायरी पाहिल्या, डिझेलचा पंप पाहिला, आतली काजळी खरवडून काढली. हीटर लागला आणि पुन्हा विझला. तो म्हणाला, "काकू, पांढरा धूर म्हणजे डिझेल येतंय, पण जळत नाही. बहुतेक हवा कमी पडतेय. गाडी माझ्याकडे सोडा, पुढच्या आठवड्यात सगळं खोलतो." पुढच्या आठवड्यात गाडी राहणार होती का?  आक्कांनी त्याला चहा पाजला आणि 'हवा कमी पडतेय' हे वाक्य दिवसभर तोंडातल्या तोंडात घोळवत राहिल्या.

शुक्रवारी सकाळी देवपूजा झाल्यावर त्या रोजच्यासारखी गाडीला उदबत्ती ओवाळायला गेल्या. मी अंगणात धुणं वाळत घालत होते. ओवाळता ओवाळता त्या थांबल्या. खालच्या खिडकीपाशी उदबत्तीचा धूर वळून आत जात होता. त्यांनी उदबत्ती छतावरच्या झाकणाशी नेली, तिथं धूर सरळ बाहेर. "अहो, हीटर लावा बरं," त्यांनी दादांना सांगितलं. दाराशेजारी, त्या खिडकीच्या हातभर खाली, एक छोटी जाळी होती. हीटरला लागणारी हवा त्या जाळीतून नळीनं आत जायची. हीटर आत धापा टाकत होता आणि आक्कांनी जाळीपुढे धरलेल्या उदबत्तीचा धूर मात्र निवांत वर चालला होता. आक्का तिथंच उकिडव्या बसल्या. "हितं वढाय पायजे," त्या म्हणाल्या. "वढत न्हाई."

दादांनी स्क्रू काढून जाळी बाजूला केली, नळी ओढून काढली आणि अंगणातल्या फरशीवर आपटली. आतून काय पडावं? झेंडूच्या वाळक्या पाकळ्यांचा गच्च बोळा, हाराचा दोरा आणि आपट्याचं एक पान.  मग मी वर पाहिलं. जाळीच्या बरोबर वर, दाराच्या चौकटीला, एक हूक होता. दसऱ्याला हार तिथंच घातला होता, आणि हार आपणहून गळेपर्यंत काढायचा नाही असा दंडक होता. तो गळला, वाळला, चुरा झाला आणि जाळीच्या मोठ्या भोकांतून हीटरनं आत ओढून घेतला. आक्कांनी बोळा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "मंदे, हार कुनी घातलाता गं?" मी म्हटलं, "तुम्हीच." त्या अशा हसत सुटल्या की गाडीला धरून उभं राहावं लागलं. "घातला देवाला आन् खाल्ला हीटरनं," म्हणाल्या. त्या दिवशी हीटर संध्याकाळपर्यंत एकदाही विझला नाही.

रविवारी हॉटेलवाले आले. आक्कांनी त्यांना आणि संदीपला गाडीत बसवलं, दार लावलं, हीटर लावला आणि चहा टाकला. पाहुण्यांना घाम फुटला. संदीपनं उठून छतावरून हात फिरवला, तो कोरडा निघाला. मग दादांकडे पाहिलं. दादा मजेत फुर्र फुर्र करत चहा पीत होते, पंप खिशातच होता. संदीप पाहुण्यांना म्हणाला, "साहेब, माफ करा. आईची गाडी आहे, विकायची नाही." आक्का लगेच म्हणाल्या, "पन च्या पिऊन जावा." त्या चहाचा उल्लेख त्यांनी पुढं प्रत्येक लग्नकार्यात केला, आणि मीही प्रत्येक वेळी तो नव्यानं ऐकला.

मार्चात ते दोघं बर्फात पोचले. मला फोन आला, "मंदे, बर्फ हाय. च्या झालाय. ह्ये अजून झोपल्यात, पंप लागला न्हाई." एवढंच.  पुढं दर वर्षी ते कुठं ना कुठं जात राहिले, आणि वाटेत भेटणाऱ्या लोकांच्या गाड्यांतही आक्का उदबत्ती घेऊन शिरायच्या. "हवा नीचेसे लेनेका, उपरसे छोडनेका," असं हिंदी त्यांनी कुणाकुणाला शिकवलं कोण जाणे. दादा सांगतात, पंजाबातल्या एका बाईंची गाडी कोरडी झाली तेव्हा त्यांनी आक्कांचे हात हातात घेतले होते.

तेव्हापासून आमच्या घरी नवीच प्रथा पडली. दसऱ्याला गाडीचा हार मागच्या शिडीला, जाळीपासून लांब. पूजा झाली की भर ऑक्टोबरच्या उन्हात हीटर लावायचा, आक्का जाळीपुढे उदबत्ती धरणार, आम्ही सगळे आत घाम पुसत बसणार, आणि त्या 'वढतंय' म्हणाल्या की मगच श्रीखंडाची पानं वाढायची. दसऱ्याला हीटर लावणारं पंचक्रोशीत आमचं एकच घर असेल.

यंदा सण नव्हता. दसरा आक्कांच्या तेराव्यानंतर थोड्याच दिवसांनी आला. संदीप आला होता, आणि आदल्या दिवशी त्यानं मला हळूच विचारलं होतं, "काकी, दादा एकटे. गाडीचं आता काय करायचं?"  दसऱ्याच्या सकाळी दादा घरात दिसेनात म्हणून आम्ही दोघं बाहेर आलो, तर गाडीचं दार उघडं. छतावरचं झाकण दोन बोटं वर. शिडीला हार. आत हीटरची घरघर चालू होती आणि दादा दारातल्या पायरीवर वाकून जाळीपुढे उदबत्ती धरून बसले होते. सदरा घामानं भिजलेला. धूर वाकून सरळ जाळीत शिरत होता.  संदीपनं गाडीत शिरून हीटरच्या बटणाला हात घातला. "दादा, ओढतोय. बंद करू का आता?"

"राहू दे जरा," दादा मान वर न करता म्हणाले. "अजून तिचं बघून झालं न्हाई."

संदीपनं हात मागं घेतला. मग मीही आत शिरले, आणि आम्ही तिघंही घाम पुसत बसून राहिलो.