रंगाखालचं अर्थिंग

रविवारी सकाळी वंदना आटोपून मी विहारातून बाहेर पडत होते, तेवढ्यात फोन वाजला. सदाशिव पेठेतल्या एका बोळात जुनी इमारत पाडून नवी बांधायचं काम चाललं होतं. तिथली पोकलेन सुरू होत नव्हती. फोन साइटच्या सुपरवायझरचा होता.

"तसा बिघाड काही नाहीये, मॅडम," तो म्हणाला. "ऑपरेटर केबिनमध्ये पंखा लावून झोपतो, बॅटऱ्या उतरतात. तुम्ही येऊन तेवढं मालकांना सांगा, म्हणजे त्याला काढायला मी मोकळा."

अवजड यंत्रांच्या विजेची कामं करणं हा माझा व्यवसाय. डिप्लोमा झाल्यावर मी सरकारी परीक्षा द्याव्यात असं घरच्यांना वाटत होतं. मी मात्र खडी क्रशरवर इलेक्ट्रिशियन म्हणून लागले आणि तिथेच रमले. फोनवर मिळालेलं निदान ऐकून घ्यायचं आणि मग जाऊन मीटर लावायचा, एवढं मला तेव्हापासून कळतं. पांढऱ्या कुर्त्यावरच डांगरी चढवली, स्कूटरच्या पायाशी पेटी ठेवली आणि निघाले.

पोकलेन अर्धी प्लॉटमध्ये, अर्धी बोळात. तिची बकेट समोरच्या दवाखान्याच्या पायरीला टेकायच्या बेतात. स्कूटरवाले पाय टेकत, आरसे वाचवत कसेबसे जात होते. वरच्या गॅलरीतून एक निवृत्त गृहस्थ हे सगळं बघत उभे होते.

"अहो, हे यंत्र बिघडलंय की उपोषणाला बसलंय?" त्यांनी मला विचारलं.

"बघून सांगते."

"सावकाश सांगा. आम्ही इथेच राहतो."

ऑपरेटर पन्नाशीचा, मांजरी गावाकडचा. विटांच्या ढिगावर बसून होता. त्याच्याकडची किल्ली सुपरवायझरने काढून घेतली होती आणि त्याच्या जागी यायला दुसऱ्या ऑपरेटरला फोनही गेला होता. मी जवळ जाऊन बसले.

"मामा, काय होतंय ते तुम्ही सांगा."

त्याने आधी माझ्याकडे, मग सुपरवायझरकडे पाहिलं. "मला कोण इचारतंय, ताई? बॅटऱ्या नव्या घातल्या, अल्टरनेटर बदलला, तरी त्येच. आता म्हन्त्यात तूच खातोस बॅटऱ्या. मी रोज घरी जातो झोपायला. बायको हाय माझी, पोरं हायती."

"कधीपासून होतंय?"

"नवा रंग मारून आनली तवापासनं. सेल्फ मारला की कण्हत फिरतंय. मग डंपरवरनं केबल टाकून चालू करायचं. त्यातबी गंमत हाय. काळी केबल बॅटरीला लावली तर घेत न्हाई. इंजिनच्या अंगाला लावली की एका झटक्यात घेतं."

मी उठले. मला हवं होतं ते मिळालं होतं, पण नुसतं वाटून उपयोग नसतो, दाखवावं लागतं.

डंपर शेजारीच होता. काळी केबल इंजिनच्या लोखंडाला लावून मी सुपरवायझरला मशीन सुरू करायला लावलं. झटक्यात सुरू झालं. केबल काढून बॅटऱ्यांवर मीटर धरला. चोवीस वॉल्टच्या या यंत्रात इंजिन चालू असताना अठ्ठावीसच्या आसपास आकडा यायला हवा. पंचवीस आला. अल्टरनेटरवर धरला तर तिथे अठ्ठावीस.

"म्हणजे अल्टरनेटर पुन्हा गेला," सुपरवायझर म्हणाला.

"नाही. इंजिन चालू असताना वीज बनवून बॅटऱ्या भरायच्या, हे त्याचं काम, ते तो चोख करतोय. त्याने बनवलेलं वाटेत कुठेतरी अडतंय."

वाटा दोनच, एक जायची आणि एक परतीची. अल्टरनेटरपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मोजलं, दोन टोकांत फरक जवळजवळ शून्य. म्हणजे ती वाट मोकळी. मग अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं, तर फरक तीन वॉल्टचा. तिथे शून्याच्या जवळ यायला हवं होतं. परतीची वाट इंजिनातून सांगाड्यात आणि तिथून बॅटरीच्या मायनसला जाते; तिच्यात, इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये, काहीतरी नीट टेकत नव्हतं.

मशीन बंद करून मी खाली शिरले. इंजिनाला सांगाड्याशी जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी शोधली आणि तिच्या टोकाला हात लावला. चटका बसला. रंगाऱ्याने पट्टी काढून ठेवून सांगाडा छान पिवळाधमक रंगवला होता आणि नंतर कोणीतरी त्या रंगावरच पट्टी कसली होती. लोखंडाला लोखंड भिडलंच नव्हतं. जो काही करंट जात होता तो बोल्टच्या आट्यांमधून, रखडत. म्हणून सेल्फ कण्हायचा, म्हणून बॅटऱ्या उपाशी राहायच्या, आणि म्हणून काळी केबल इंजिनाला लावली की सगळं सुरळीत व्हायचं.

"या, बघा," मी म्हटलं. सुपरवायझर पँटची काळजी करत जरासा वाकून डोकावला. ऑपरेटर मात्र आडवाच झाला माझ्याशेजारी.

बॅटरी सोडवली. पॉलिश पेपरने रंग खरवडून लोखंड लखलखीत केलं, पट्टीचं टोक घासलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. बॅटरी जोडून उतरलेला चार्ज डंपरवरून थोडा भरून घेतला आणि केबल काढून ठेवल्या.

"किल्ली," मी हात पुढे केला. सुपरवायझरने ती माझ्या हातात ठेवायच्या आत ऑपरेटर म्हणाला, "ताईंकडं नका देऊ. माझ्याकडनं घेतली व्हती, माझ्याकडं द्या."

दवाखान्याच्या पायरीवरचे पेशंटही बघायला लागले. सुपरवायझरने किल्ली त्याच्या हातात दिली. "चुकलं माझं," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं!" गॅलरीतून आवाज आला.

"चुकलं माझं," या वेळी मोठ्याने.

ऑपरेटर केबिनमध्ये चढला. सेल्फ मारताच इंजिनाने घेतलं. बॅटरीवर अठ्ठावीस वॉल्ट. हेडलाइट, पंखा, सगळं लावून पाहिलं. आकडा हलला नाही. त्याने बकेट उचलून बोळ मोकळा केला, तेव्हा मला माझ्या कामाचा अभिमान वाटला आणि तो लपवायची गरज वाटली नाही.

पुढच्याच महिन्यात त्याने ती नोकरी सोडली. आता मांजरीलाच, घराजवळच्या एका साइटवर मशीन चालवतो. हे त्याने स्वतः फोन करून सांगितलं. मी जरा चकितच झाले. "अहो, पण तुमची बाजू खरी ठरली होती ना?"

"ठरली की. पर तिथं रोज किल्ली हातात घेताना त्यो दिवस आठवायचा, ताई. हितं मशीन बिघडलं तर पैल्यांदा मला इचारत्यात."

परत जा, असं मी त्याला म्हटलं नाही. मलाही असंच वाटलं असतं.