नंबर नसेल तर एक

आमच्या बौद्ध समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट मी हौसेनं करून दिली. नोकरी लोणावळ्यात, एका हॉटेलच्या बुकिंगची. सुट्टीच्या दिवशी वलवणच्या घरी बसून हे काम. मुलींची नावं द्यायची नाहीत, असा मंडळाचा नियम. फोटो, शिक्षण, जिल्हा, बस. प्रत्येकीचं पान वेगळं, आणि पानाच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून तिचा नंबर.

टाकवे बुद्रुकच्या एका मुलीचा नंबर सत्तेचाळीस. तिला बघायला आलेले पाहुणे चहाला हातही न लावता उठले. वेबसाइटवरची मुलगी ही नव्हे, तुम्ही फसवलंत, असं दारात उभं राहून बोलले. दुसऱ्या दिवशी तिचे वडील मला गाठायला वडगावला मंडळाच्या ऑफिसात आले.

"ताई, गावात लय बेइज्जती झाली. आमी कुणाला फसवलंय व्हय?"

त्यांच्या हातातला छापील बायोडाटा बघितला आणि माझं डोकंच सणकलं. फोटोच्या जागी साइटचा पत्ता होता, पण प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं गायब.

"नंबर कुठं गेला, भाऊ?"

"एका पानात बसंना. चार मामा हायेत पोरीला. एकाचं नाव गाळलं तर तो लग्नाला यायचा न्हाई. मग ते शेपूट काढायला लावलं."

चारही मामांचा मान गावांसकट राखला आणि पोरीचा नंबर उडवला. मी बोलणार होते, चांगलंच बोलणार होते. पण जीभ आवरली, कारण खरी घाण माझीच होती. साइट तयार होत असताना नंबरशिवाय पान उघडलं की एरर यायची. तिला वैतागून मी साइटच्या पीएचपी कोडमध्ये लिहून टाकलं होतं, नंबर नसेल तर एक धर. म्हणजे डेटाबेसमधली पहिली नोंद. ती पिंपरीकडची, जिल्हा तोच, शिक्षणही हिच्याएवढंच, पण उजळ, स्टुडिओत फोटो काढलेली मुलगी. नंतर काढू म्हटलं आणि साफ विसरले. एररनं निदान कुणाला फसवलं तरी नसतं.

तिथंच बसून कोड बदलला. नंबर आलाय का, तो आकडाच आहे का, त्या आकड्याची नोंद आहे का. एकाचंही उत्तर 'नाही' आलं तर 'माहिती सापडली नाही, पत्ता तपासा' एवढंच दाखवायचं. दहा मिनिटांचं काम. ती दहा मिनिटं मी आधी दिली नाहीत, याचा संताप अजून होतो.

रविवारी माफी मागायला टाकव्याला गेले. मुलगी पडवीत वाल सोलत होती. मी सगळं समजावून सांगितलं. तिनं हातातली शेंग सुपात टाकली.

"म्हंजे तो फोटो पप्पांनी लावला नव्हता?"

"तू बघितला होतास?"

"बायोडाटा छापून आला त्याच दिवशी, मोबाइलवर. मला वाटलं, माझा चालत न्हाई म्हणून घरच्यांनीच दुसरीचा लावला."

"मग विचारलं का नाहीस?"

ती सुपातल्या शेंगा चाळवत राहिली.

"काय इचारायचं, ताई? मलाबी पटलं होतं ते."