मडगार्डवरचा आरसा

त्या उन्हाळ्यात बाबांनी आमच्या जुन्या फियाटचा नुसता छळ मांडला होता. आधी हेडलाइट. पांढरे काढून पिवळे लावले, मग त्यातला एक काढून कुठल्याशा अ‍ॅम्बेसेडरचा बसवला. तो नीट बसेना, तर तारेने बांधला. कुरखेड्याच्या चौकात लोक हसायचे, "मास्तर, गाडी डोळा मारून राह्यली काय कोनाले?" बाबाही हसायचे. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग आरशांची पाळी आली. या गाडीचे आरसे दाराला नव्हते, पार पुढे मडगार्डवर होते. आत बसलेल्याचा हात पोचायचा नाही. एकाने स्टिअरिंगवरून सांगायचं, दुसऱ्याने बाहेर उभं राहून फिरवायचं. फिरवणारी मी. गोल आरसा झाला, चौकोनी झाला, एकदा तर स्कूटरचाही लावून झाला. गाडी बैलगाडीला घासली, दोष आरशाचा. बाबा घराचं वळण सोडून पुढे गेले, दोष हेडलाइटचा. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हणायचे. पण बाबा तर वीस वर्षं चांगली गाडी चालवत आलेले.

ताई ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात बाळंत झाली आणि माझी झोपच उडाली. तिला न् त्या कोवळ्या बाळाला आणायला बाबाच निघणार होते. "जीपमंदी लोक कोंबतेत. माहा नातू गाडीतच येईन," म्हणाले. आई कौतुकाने ऐकत होती. मी नुसती अंगणात येरझारा घालत होते. सांगायचं तरी काय, आणि कशाच्या जोरावर?

सकाळी बाबा स्टिअरिंगवर बसले. "पोरी, आरसा पाह्य जरा."

मी आरसा धरला आणि सरळ खाली वळवला. त्यात माती दिसत होती आणि माझी चप्पल.

"अजून थोडा... हां, बस्स! आता मांगची सडक एकदम साफ दिसते."

असा संताप आला म्हणून सांगू! आणि त्याच्यासोबतच रडू आलं.

"बाबा, आरसा खाली हाये. माही चप्पल दिसून राह्यली त्याच्यात."

त्यांनी इंजिन बंद केलं.

"कव्हापासून मालूम हाये तुले?"

"आत्ता समजलं. तुमाले?"

"दिवाळीपासून. तुया आईले नको सांगू."

"सांगीन! आत्ताच सांगीन!" मी ओरडले आणि घरात पळाले.

ताई दुपारी जीपने आली. घर बायकांनी भरलं. नाक आईचं, कान बापाचे, हनुवटी आजोबांची, सगळ्या एकदम बोलत होत्या. बाबांनी बाळाला मांडीवर घेतलं, तोंडाशी तोंड नेलं आणि तसेच वाकून राहिले. मग मला जवळ बोलावलं.

"तू सांग व," ते हळूच म्हणाले, "कसा दिसते?"