देवीला आधी बसू द्या

भिंगरीमास्तर ढोकीत शिंकले, तर त्या शिंकेचा आवाज बेंबळीला पोचायच्या आधी ते स्वतः बेंबळीत हजर असायचे. खोटं वाटत असेल तर त्या काळातल्या कुणालाही विचारा. मी कमीच सांगतोय, असं तो म्हणेल. निजामाच्या राज्यात गावोगाव फिरून पोरांना देवी टोचायची, ही त्यांची नोकरी. त्यांना आईबापांनी ठेवलेलं नावही होतं, पण पुरतं नाव घेईपर्यंत माणूस समोर उभा राहायला नको का? त्यांच्या काळ्या शेरवानीचा मागचा घोळ सदा वाऱ्यावर असे. तो खाली लोंबलेला मी तरी पाहिला नाही.

त्यांना ‘बसा’ म्हणणं म्हणजे शिवी देण्यासारखं होतं. पाणी उभ्यानं, भाकरी चालता चालता. आमच्या पाटलांनी एकदा घोंगडं अंथरून आग्रह धरला, तर मास्तर घोंगड्याभोवती प्रदक्षिणा घालत बोलले, “पाटील, मी बसलो की देवी उठती. बोला, कुणी बसायचं?” पाटलांनी घोंगडं गुंडाळून घेतलं.

या घाईला कारण होतं. त्यांच्या खांद्याला ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक मडकं लटकलेलं असे आणि त्यात लशीच्या काचेच्या नळ्या. “ऊन लागलं की ही मरती,” म्हणत ते मडक्याला तान्ह्या लेकरासारखं सावलीसावलीनं नेत. सावली नसेल तिथं स्वतः वाकून मडक्यावर सावली धरत. दंडावर लशीचा थेंब ठेवायचा, वर दातेरी चकतीची फिरकी मारायची, की पोरगं किंचाळेपर्यंत मास्तर पुढच्या दारात. बाया पोरं कणगीत लपवत. मास्तर कणगीवर टिचकी मारून म्हणत, “ही जवारी रडती कशी हो?”

माझी लेक गोदी रांगायला लागली त्या उन्हाळ्यात वरच्या आळीत देवी आली. दारांना कडुलिंबाचे डहाळे लागले, त्या घरांतली फोडणी बंद झाली, माणसं कुजबुजत बोलायला लागली. मास्तरांनी आमच्या आळीतली सगळी तान्ही पोरं टोचून काढली. आता दंडावर फोड उठला की पोर वाचलं, असा हिशेब. आम्ही रोज सकाळी गोदीचा दंड उजेडात धरून बघत होतो. दंड आपला लोण्यासारखा गुळगुळीत! फोड गोदीलाही नाही, शेजारच्या पोरांनाही नाही.

“वाटंत लस मेली,” मास्तर कपाळावरच्या विभूतीला हात लावून हळहळले. तडक धाराशिवला जाऊन ताजी लस आणली. येताना इतके पळाले म्हणतात, की वाटेतल्या एका टांगेवाल्यानं घोडं विकून टाकलं. पुन्हा टोचलं. पुन्हा काही नाही. आळीत लोक बोलायला लागले, देवी रुसली, तिला सुईनं बोलावलेलं आवडत नाही. वरच्या आळीतली रडारड आता आमच्या अंगणात ऐकू येत होती आणि मी गोदीला कडेवर घेऊन घरातल्या घरात येरझारा घालत होतो.

तिसऱ्यांदा टोचून मास्तर निघाले आणि मडक्याचं झाकण राहिलं म्हणून माघारी वळले. दारातच थबकले. माझी माय गोदीला मांडीवर घेऊन कडुलिंबाच्या पाण्यानं तिचा दंड चोळून चोळून धूत होती.

“अय्यो शिवा! मावशी, ह्ये काय?” चिडले की मास्तरांच्या तोंडी कानडी येई.

“काय म्हंजी? तुमी आईला घरात आणली. तिला थंडावा नको? समदी आळी असंच करती.”

“पयल्यापास्नं?”

“मंग! तुमी गेलं की लगीच. रीत हाय ती.”

आणि मास्तर मटकन उंबऱ्यावर बसले. खरंच बसले. मला वाटलं, आता भूकंप होतो. आवाज मात्र एकदम मऊ झाला.

“मावशी, तुमच्या दारात पाव्हणी आली, तर टेकायच्या आधी तिच्या डोक्यावर घागर वतता का?”

“वतीन कशाला! मी काय येडी हाय?”

“मंग आईला तरी बसू द्या की. तिला फुलू द्या, खपली धरू द्या. खपली पडली की घाला आंघोळ, न् दहीभाताचा निवद दावा.”

माय विचारात पडली. मग मास्तरांवरच उखडली, “आधी न्हाय का सांगायचं? पायाला नुसती भिंगरी! देवाचं काम उभ्याउभ्या उरकतं व्हय?”

“चुकलंच माजं,” मास्तर म्हणाले. “टोचायला शिकलो, इचारायला न्हाय.”

मडक्यात एकच नळी उरली होती. ती आमच्या आळीतली पोरं पुन्हा टोचण्यात संपली आणि मास्तर वरच्या आळीसाठी पुन्हा धाराशिवला पळाले. इकडं माय काठी घेऊन गोदीशेजारी बसली. माशी, कोंबडी, मी, कुणालाही पाण्याचा तांब्या घेऊन तिकडं फिरकू देईना. शेवटी एका सकाळी गोदीच्या दंडावर मोत्यासारखे दोन फोड वर आले. मी ओरडत अंगणात गेलो, तर वरच्या आळीतून माणसं हातावर एक लहानसं गाठोडं घेऊन चालली होती. कासाराचं तान्हं. मास्तर लस घेऊन पोचले, तोवर त्याला ताप भरलेला होता. ते त्या माणसांच्या मागून मान खाली घालून, हळूहळू चालत होते. इतकं सावकाश चालताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

पुढं ते प्रत्येक दारात आधी टेकायचे, पाव्हणीची गोष्ट सांगायचे, मगच मडकं उघडायचे. निजामी गेली, धामधुमीत मास्तर कुठं गेले, कळलं नाही. सरहद्दीपलीकडं कुठल्या गावात दिसले म्हणतात, पण असं दहा गावांचे लोक म्हणतात, आणि सगळे एकाच दिवशी दिसले म्हणून सांगतात.

गोदीला बघायला पाव्हणे आले तेव्हा मुलाच्या आईनं तिची हनुवटी उचलून नीट पाहिली. “पोरगी नितळ हाय,” ती म्हणाली, “एक बी वण न्हाय.”

“न्हाय कसा?” माय फणकारली, आणि भर बैठकीत गोदीची बाही वर सारून दंड त्यांच्यापुढं धरला. “चांगले दोन हायेत. बघून घ्या!”