अमडापूरची गाडी लेट

हसायचं नाही या अटीवर सांगतो. म्हणजे हसा, पण बायकोसमोर नको. ती आधीच पुरेशी हसली आहे.

मला छोट्या आगगाड्यांचा नाद. वीतभर डबे, बोटभर सिग्नल, सगळं खऱ्यासारखं! कुठल्याही गावी गेलो की बायको देवळात जाते आणि मी अशा गाड्यांचं दुकान शोधतो. परवा देऊळगाव राजाला तिच्या मावसभावाकडे गेलो होतो. ती बालाजीच्या दर्शनाला गेली, मी मेव्हण्याला विचारलं. तो म्हणाला, "अमडापूरले जा ना भाऊजी. रशीदभाईकडे रेल्वेच रेल्वे आहे."

गेलो. रस्त्यालगत अर्धं उघडं शटर. आत वाकलो आणि तसाच उभा राहिलो. खोलीभर अमडापूर मांडलेलं! बाजार, टेकडी, टेकडीवरचं देऊळ, आणि मधून चकचकीत रूळ. स्टेशनवर पिवळी पाटी, 'अमडापूर'. बरं, गावात खरी रेल्वे नाही. येणार, येणार हे गावकऱ्यांच्या आज्यानंही ऐकलेलं. रशीदभाईंनी वाट बघणं सोडलं आणि स्वतःच आणली. पत्र्याचं काळं इंजिन तर हातानं घडवलेलं. मोठमोठ्या शहरांतली दुकानं पालथी घातलीत मी, पण असलं काम पाहिलं नाही.

पण कौतुक दाखवलं की भाव चढतो, नाही का? मी तोंड वाकडं करून रशीदभाईंना म्हणालो, इंजिनाचा रंग उडालाय. ते म्हणाले, खरं आहे. मी म्हणालो, दुसरं दाखवा. ते म्हणाले, एकच आहे. आणि चहा मागवला. मी मनात म्हटलं, काय मुरलेला दुकानदार आहे!

"मग हेच द्या. बोला, किती?"

रशीदभाईंनी इंजिनावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "घरी आलेल्या पाहुण्याले नाही कसं म्हनू जी? घेऊन जा."

पैसे काढले तर त्यांनी कानाला हात लावले. स्वतःच्या दस्तीत, म्हणजे रुमालात, इंजिन गुंडाळून माझ्या हातात दिलं. 'घरी आलेल्या' हे शब्द तेव्हा माझ्या डोक्यात शिरले असते तर!

पायरी उतरतो तर समोरून माणसंच माणसं. कोणी खुर्ची घेऊन, एक आजी काठी टेकत. त्या म्हणाल्या, "चालले काऊन बाप्पा? पाचची गाडी तं पाहून जा."

"कसली गाडी?"

"आमच्या गावची. रोज येते."

माझ्या काखेतल्या दस्तीतून चाक बाहेर डोकावत होतं. मी हळूच विचारलं, हे दुकान नाही का? आजी म्हणाल्या, दुकान कायचं, घर आहे त्याचं.

मागे रशीदभाई गार्डाची टोपी हातात घेऊन लोकांना सांगत होते, "आज गाडी नाही. इंजिनले बरं नाही."

माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू! उलटा फिरलो, दस्ती सोडली, इंजिन रुळावर ठेवलं. रशीदभाईंचा चेहरा असा खुलला की बस. त्यांनी टोपी चढवली, शिट्टी फुंकली आणि गाडी निघाली. टेकडीला वळसा घालून ती स्टेशनात शिरली तेव्हा आजींनी हात जोडले. खोटं कशाला बोलू, मीही जोडले.

खुर्चीवाल्यानं घड्याळ बघितलं. "रशीदभाई, आजवर एकदाबी लेट नाही झाली. आज काऊन?"

रशीदभाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "रुळावर म्हैस आली होती."

सगळे मात्र माझ्याकडेच बघत होते. मग म्हशीला पुन्हा चहा मिळाला.